फाटकाआडचा पहिला नंबर

गोल्फशी माझा संबंध एवढाच, की दाढ काढायला गेलो असता डॉक्टरांच्या टेबलावर अमेरिकेतल्या थोर गोल्फ-मैदानांची यादी सापडली. याद्या तपासणं हा तर माझा पोटापाण्याचा धंदा. दाढ विसरलो.

'गोल्फ डायजेस्ट'नं १९६६ साली पहिली यादी छापली ती सर्वांत अवघड मैदानांची. पुढं 'अवघड'चं 'थोर' झालं, आणि घोटाळा इथंच आहे. अवघडपणा निदान फटक्यांत मोजता येतो. थोरपणाचं लेजर कुणी ठेवायचं?

शेंड्यावर बहुतेक वर्षं न्यू जर्सीतलं पाइन व्हॅली. मैदान अस्सल आहे म्हणतात, असेलही. पण आत जायचं तर सभासदानं बोलवावं लागतं. परीक्षकसुद्धा पाहुणाच! ज्या घरचं आमंत्रण मिळायला सहा महिने लागले, तिथलं वरण अळणी आहे म्हणायला कुणाची जीभ रेटेल?

२०२१ पर्यंत तिथं बायकांना सभासदत्व नव्हतं. पाहुण्या म्हणून रविवारी दुपारी तेवढं खेळावं. हे मी सौ.ला वाचून दाखवलं.

"दुपारी म्हणजे भांडी आटोपल्यावर ना?" ती म्हणाली, "आणि नंबर कितवा म्हणालात?"

"पहिला."

"मार्क देताना हे धरत नाहीत वाटतं."

धरत नाहीत. समुद्र मात्र धरतात. कॅलिफोर्नियातल्या सायप्रस पॉइंटवर सोळाव्या होलला चेंडू समुद्रावरून मारायचा असतो. देखणं आहे, वादच नाही. पण त्यात आराखडा काढणाऱ्याचे मार्क किती आणि पॅसिफिकचे किती, हे खातं वेगळं कुणी काढलंय? शेजारचं पेबल बीच सर्वांना खुलं, आणि २००१ साली ते पहिलं आलंसुद्धा. फाटक उघडं चालतं म्हणायचं, मागं समुद्र असला तर! शिवाय आता एका फेरीला सहाशे डॉलरच्या वर मोजावे लागतात. तेही एक फाटकच की.

मला आवडलं ते न्यूयॉर्कचं बेथपेज ब्लॅक. सरकारी मैदान, समुद्र नाही. २००२ साली यू. एस. ओपन तिथं झाली. हे फार अवघड आहे, निष्णात खेळाडूंनीच यावं, अशी पाटीच लावलीय. तरी नंबर लागावा म्हणून लोक रात्रभर गाडीत झोपतात. यादीत ते आहे, पण बरंच खाली.

परीक्षक नेमायचा तर गाडीतल्या त्या माणसाला नेमावा. त्यानं पैसे दिलेत, झोप मोडलीय. वरण अळणी असलं तर तो पहिल्या घासालाच सांगेल.