'मोरया' आणि मीम

रिचर्ड डॉकिन्स यांनी १९७६मध्ये 'द सेल्फिश जीन'मध्ये 'मीम' ही संज्ञा मांडली : अनुकरणातून पसरणारे सांस्कृतिक एकक. सुझन ब्लॅकमोर 'द मीम मशीन'मध्ये (१९९९) 'मी'लाही मीमांचीच निर्मिती ठरवतात. माझा आक्षेप इथे आहे.

चिंचवडला पवनाकाठी मोरया गोसावींची समाधी आहे. 'गणपती बाप्पा मोरया'तला 'मोरया' त्यांच्यावरून आला, असे परंपरा मानते. घोष करणाऱ्या अनेकांना हे ठाऊक नसते. तरी तो पसरतो. इथपर्यंत ब्लॅकमोर बरोबर. पण टिळकांनी १८९३पासून या उत्सवाला सार्वजनिक वळण दिले, ते हेतुपूर्वक. प्रसाराला जाणीव लागत नाही. त्याची दिशा बदलायला लागते. 'मी' हा भासच मानला, तर आजच्या मिरवणुकीतल्या गोंगाटाचा जाब कोणाला विचारायचा?