ऐयार आणि कॅमेरा : ‘चंद्रकांता’चे माध्यमांतर

अद्भुत कादंबरीचे दूरचित्रवाणी मालिकेत रूपांतर झाले की त्यावरील चर्चा बहुधा एकाच प्रश्नाभोवती फिरत राहते : मालिका मूळ कृतीशी कितपत प्रामाणिक राहिली? कोणते प्रसंग गाळले, कोणती पात्रे वाढवली, शेवट का बदलला, याची यादी तयार होते आणि ती यादीच समीक्षा म्हणून पुढे केली जाते. जॉर्ज ब्लूस्टोन यांनी १९५७ मध्ये कादंबरी आणि चित्रपट यांच्या संबंधाची चर्चा केली, तेव्हापासून या निकषाची अपुरी बाजू स्पष्ट होत आली आहे. लिंडा हचन यांच्या २००६ मधील रूपांतरविषयक ग्रंथानंतर तर रूपांतर ही दुय्यम निर्मिती मानण्याचीच सवय प्रश्नांकित झाली. तरीही प्रामाणिकपणाचा निकष सोडून दिला म्हणजे फरकांचा विचारच सोडून द्यावा, असे होत नाही. उलट, कोणता फरक माध्यमाच्या स्वभावातून अपरिहार्यपणे येतो आणि कोणता अभिरुचीविषयीच्या गृहीतकातून येतो, हे वेगळे करून पाहणे त्यानंतरच शक्य होते. देवकीनंदन खत्री यांची ‘चंद्रकांता’ (१८८८) ही हिंदी कादंबरी आणि नीरजा गुलेरी यांची त्याच नावाची, दूरदर्शनवरून १९९४ ते १९९६ या काळात प्रक्षेपित झालेली मालिका यांचा संबंध या दृष्टीने तपासण्याजोगा आहे.

या कादंबरीचे कथानक थोडक्यात सांगता येते. नौगढचा राजकुमार वीरेंद्रसिंह आणि विजयगढची राजकुमारी चंद्रकांता यांचे प्रेम, वजीरपुत्र क्रूरसिंहाचे कारस्थान, चुनारच्या शिवदत्ताचे वैर, चंद्रकांतेचे तिलिस्मात अडकणे आणि तिलिस्म मोडून तिची सुटका. मात्र कादंबरीचे बळ या सांगाड्यात नाही. ते आहे तेजसिंह, चपला, बद्रीनाथ या ऐयारांच्या उलाढालींत. ऐयार म्हणजे वेषांतर, हेरगिरी, औषधींचे ज्ञान, गायनवादन अशा अनेक विद्यांत पारंगत असा राजसेवक. राजांमधील तंटे हे लोक रक्त न सांडता, केवळ चातुर्याने मिटवीत, असे खत्रींनी प्रस्तावनेत आवर्जून नोंदवले आहे. बेशुद्धीची पूड, शुद्धीवर आणणारा लखलखा, दोराचा कमंद आणि हे सर्व सामावणारा बटवा ही ऐयाराची शस्त्रे. शत्रूला ठार न करता बेशुद्ध करून, त्याची गठडी बांधून पाठीवर टाकून न्यावयाचे, हा त्याचा शिरस्ता. तलवारीपेक्षा बुद्धीला वरचे स्थान देणारी एक नीतीच या शिरस्त्यात सामावलेली आहे.

वेषांतर हा या कादंबरीचा केवळ वारंवार येणारा प्रसंग नाही. ते तिचे निवेदनतंत्रच आहे. शब्दमाध्यमात पात्राचा चेहरा वाचकाला दिसत नाही, त्याला फक्त नाव दिसते. निवेदक एखाद्या पात्राला जे नाव देतो तेच त्याचे रूप. म्हणून निवेदकाने ‘एक बुरखाधारी स्वार’ एवढेच म्हटले, किंवा वेषांतरित पात्राचा त्याच्या खोट्या नावानेच निर्देश केला, की वाचक कथेतील पात्रांइतकाच फसतो. पुढे निवेदक वाचकाला थेट संबोधून रहस्य उलगडतो, तेव्हा मागील प्रकरणांतील वाक्यांचा अर्थ बदलतो. वाचकाने मागची पाने चाळून पाहिली तर त्याला खुणा सापडतात. दुसऱ्या शब्दांत, या कादंबरीतील सर्वांत मोठा ऐयार म्हणजे तिचा निवेदक होय.

कॅमेऱ्यापुढे हे तंत्र टिकत नाही. दृश्यमाध्यमात चेहरा आधी येतो आणि नाव नंतर. वेषांतराच्या बाबतीत दिग्दर्शकापुढे दोनच मार्ग उरतात. ऐयाराची भूमिका करणाऱ्या नटालाच रंगभूषा करून उभे करावे, तर प्रेक्षक त्याला तत्काळ ओळखतो आणि कथेतील पात्रे मात्र ओळखत नाहीत. फसवणुकीचे रूपांतर विनोदात होते. ज्याचे सोंग घेतले त्या पात्राच्या नटालाच उभे करावे, तर प्रेक्षक पूर्णपणे फसतो, पण त्याला शोध घेता येईल अशी खूणच उरत नाही. मुखवटा ओढून काढताच खाली दुसरा चेहरा प्रकटतो. पडद्यावर तो क्षण चकित करतो, पण त्यात तर्काला काम नसते. कादंबरीत संशयिताचा चेहरा पाण्याने धुवून घेण्याची, आधी ठरलेली सांकेतिक खूण विचारण्याची पद्धत आहे. वेषांतर हे तेथे रंग, वेळ आणि कौशल्य मागणारे काम आहे, आणि म्हणूनच ते उघडकीस येण्याची शक्यता सतत जागी राहते. क्षणात बदलणाऱ्या चेहऱ्यामागचे श्रम दिसत नाहीत, आणि श्रम दिसले नाहीत की कला ही सिद्धी वाटू लागते. हा फरक माध्यमाच्या स्वभावातून आलेला आहे. त्याबद्दल मालिकेला दोष देणे व्यर्थ होय.

तिलिस्माच्या बाबतीत मात्र स्थिती निराळी आहे. तिलिस्म ही कल्पना खत्रींना फारसी-उर्दू दास्तानांच्या परंपरेतून मिळाली. ‘तिलिस्म-ए-होशरुबा’चे खंड लखनौच्या नवलकिशोर छापखान्यातून १८८३ पासून प्रसिद्ध होऊ लागले होते. दास्तानातील तिलिस्म जादूगारांनी रचलेले असते. ‘चंद्रकांता’तील तिलिस्म कारागिरांनी रचलेले आहे. खत्रींच्या तिलिस्मातील दगडी बगळा माणसाला गिळतो तेव्हा वाचक थक्क होतो, परंतु अशा चमत्कारांची उकल अखेरीस कळसूत्रे, मसाले आणि वास्तुरचना यांतच होते. चोवीस भागांच्या ‘चंद्रकांता संतती’त हा आग्रह अधिकच स्पष्ट होतो. आपल्या कथेत अशक्य असे काही नाही, असा दावा खत्रींनी आक्षेपकांपुढे केला होता. त्स्वेतान तोदोरोव यांनी १९७० मध्ये मांडलेल्या भेदाचा आधार घेतला, तर अतिमानुषाचे स्पष्टीकरण अखेरीस लौकिक नियमांनी करणाऱ्या गटात ही कादंबरी पडते. विस्मय हा अद्भुत रसाचा स्थायिभाव येथे दोनदा जागतो : प्रथम चमत्कार दिसताना आणि पुन्हा त्याची यंत्ररचना कळताना. दुसरा विस्मय पहिल्याचा नाश करीत नाही, त्याला बुद्धीची जोड देतो.

दूरचित्रवाणीने हा दुसरा विस्मय सोडून दिला. १९९४ च्या मालिकेत अतिमानुष शक्तींचा वावर मोकळेपणाने होतो आणि त्यांच्या स्पष्टीकरणाची निकड कोणालाच भासत नाही. २०१७ मध्ये याच कादंबरीवर आधारित दोन मालिका वेगवेगळ्या वाहिन्यांवर आल्या, त्यांपैकी एकीच्या उपशीर्षकातच ‘मायावी’ हा शब्द होता. दास्तानातील जादू काढून खत्रींनी तेथे यंत्र बसवले. मालिकांनी यंत्र काढून पुन्हा जादू आणली. हा बदल माध्यमाने लादलेला नव्हता. कळ दाबताच सरकणारी भिंत, पाय पडताच उघडणारे तळघर, ही तर कॅमेऱ्याला सहज साधणारी दृश्ये आहेत. प्रेक्षकाला उकल नको, फक्त चमत्कार हवा, हे गृहीतक या बदलाच्या मुळाशी आहे.

याहून महत्त्वाची हानी वाचनाच्या प्रतिमेची झाली आहे. खत्रींच्या कथाविश्वात तिलिस्म मोडावयाचे ते ग्रंथाच्या साहाय्याने. तिलिस्माची माहिती देणारे पुस्तक हाती यावे लागते, ते नीट वाचावे लागते, त्यातील सूचना क्रमाने पाळाव्या लागतात. ‘संतती’मध्ये तर अशा एका ग्रंथासाठीच कितीतरी कारस्थाने घडतात. नायकाचे शौर्य येथे अचूक वाचनाच्या रूपाने सिद्ध होते. ही कादंबरी वाचता यावी म्हणून अनेक उर्दू जाणणाऱ्यांनी हिंदी शिकून घेतली, ही नोंद हिंदी साहित्येतिहासात रूढ आहे. नव्याने अक्षरओळख होत असलेल्या त्या वाचकासमोर, वाचनाने कुलपे उघडतात असे सांगणारी कथा होती. कथेचा आशय आणि तिच्या ग्रहणाची कृती येथे एकरूप झाली होती. पडद्यावर पुस्तक ही केवळ हातातून हातात जाणारी वस्तू होते. वाचणारा नायक दृश्यदृष्ट्या निष्क्रिय असतो, म्हणून त्याच्या हाती पुन्हा तलवार द्यावी लागते.

याचा अर्थ मालिकेने काही कमावले नाही असा नव्हे. रामचंद्र शुक्ल यांनी ‘हिंदी साहित्य का इतिहास’ (१९२९) मध्ये खत्रींच्या कादंबऱ्यांतील घटनावैचित्र्य मान्य करूनही रससंचार आणि चरित्रचित्रण यांच्या अभावी त्यांना साहित्याच्या कोटीत स्थान नाकारले होते. वाचक निर्माण करण्याचे श्रेय मात्र त्यांनी खत्रींना दिले. व्यक्तिचित्रणाची ही उणीव मालिकेने एका ठिकाणी तरी भरून काढली. कादंबरीतील क्रूरसिंह त्याच्या नावापलीकडे फारसा जात नाही. अखिलेंद्र मिश्र यांच्या अभिनयाने, त्या उंचावणाऱ्या भुवयांनी आणि ‘यक्कू’ या उद्गाराने, खलत्व, मूर्खपणा आणि हास्य यांचे मिश्रण असलेली व्यक्ती उभी राहिली. शब्दाने जे केवळ नामनिर्देशाने उरकले होते, ते देहबोलीने घडवले. शिवाय भागाभागाने वाढणे, उत्कंठेच्या टोकावर थांबणे, हे मालिकेचे धर्म मूळ कृतीला परके नव्हते. खत्रींची कादंबरीही छोट्या छोट्या ‘बयानां’नी आणि क्रमाने येणाऱ्या भागांनी वाढली होती.

मराठी अभ्यासकाला या तुलनेत एक ओळखीची रेषा दिसेल. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ (१८६८) यांना मराठी समीक्षेने अद्भुतरम्य म्हणून वास्तववादाच्या उंबरठ्याबाहेर ठेवले. अद्भुत म्हणजे बुद्धीची सुट्टी, हे समीकरण त्या निर्णयामागे होते. मालिकांचे निर्माते नकळत त्याच समीकरणावर विसंबले. टीकाकाराने अद्भुताला विचारशून्य म्हणून नाकारले आणि निर्मात्याने विचारशून्य म्हणूनच स्वीकारले. दोघांचे वाचन एकच होते. ‘चंद्रकांता’ची संहिता या दोहोंच्या विरोधात साक्ष देते. तिच्यातील प्रत्येक बंद दार कोणीतरी बांधलेले आहे, आणि म्हणूनच ते कोणालातरी उघडता येते.