मॉस्क्वाकाठचे गाणे

‘विंड ऑफ चेंज’ हे गाणे बर्लिनची भिंत पडली म्हणून लिहिले गेले, हा समज जर्मनीबाहेरही पक्का रुजला आहे. तारखा वेगळे सांगतात. स्कॉर्पिअन्सचा गायक क्लाउस माइने याने ते सप्टेंबर १९८९ मध्ये, मॉस्कोतील ऑगस्टच्या संगीत महोत्सवाहून परतल्यावर लिहिले. भिंत उघडली नोव्हेंबरात. गाण्यात बर्लिन नाहीच. मॉस्क्वा नदी, गॉर्की पार्क आणि बाललाइका आहे. ‘क्रेझी वर्ल्ड’ हा अल्बम १९९० च्या अखेरीस आला तोवर भिंत गेली होती. श्रोत्यांनी दोन्हींची सांगड घातली.

रुडॉल्फ शेंकरने हानोव्हरमध्ये १९६५ साली हा वाद्यवृंद उभा केला. पहिला अल्बम १९७२ चा. संगीत म्हणून पाहिले तर उली रोथ गिटारवर होता तो, १९७८ पर्यंतचा काळ मला अधिक श्रीमंत वाटतो. पण जग जिंकले ते नंतरच्या, सोप्या गाण्यांनी. क्राफ्टवेर्कने ‘आउटोबान’ जर्मनमध्ये गायले. समीक्षकांचे कौतुकही त्याच वाटेने गेले. स्कॉर्पिअन्सनी इंग्रजी धरली, तीही शिकून घेतलेली : मोजके शब्द, सरळ वाक्ये. तिला बाळबोध म्हणून हिणवणे सोपे आहे. मात्र टोकियो आणि लेनिनग्राडच्या श्रोत्यांचीही इंग्रजी तशीच, शिकलेली होती. लेनिनग्राडमध्ये १९८८ साली त्यांचे दहा कार्यक्रम झाले. तिथल्या श्रोत्याला कोश उघडावा लागला नसावा.

या साधेपणात एक धोका असतो. शब्द इतके सर्वसाधारण होतात की त्यांना गाव उरत नाही. ‘विंड ऑफ चेंज’ त्यातून वाचले ते नदी आणि बाग यांच्यामुळे. गाण्याची सुरुवात शिट्टीची, आणि लगेच पाय जमिनीला लागतात.

२०१० मध्ये निरोप जाहीर करूनही हे लोक थांबले नाहीत. २०२२ साली रशियाने युक्रेनवर मोठे आक्रमण केले, तेव्हा माइनेने मंचावर सुरुवातीच्या ओळी बदलल्या. मॉस्कोचे उल्लेख काढून युक्रेनला स्थान दिले. नागरिक म्हणून त्याचा निर्णय मला रास्त वाटतो. त्या दिवसांत मॉस्कोची आळवणी कुठल्या तोंडाने करायची? काव्य म्हणून मात्र नुकसान झाले. नव्या ओळींत भूमिका आहे, पण नदीकाठी चालणारा तो माणूस नाही. आणि जुनी ध्वनिमुद्रिका अजून वाजतेच. तीत ऑगस्टची ती रात्र जशीच्या तशी आहे.