पापलेटाची सुरमई

अल खोरला लाट नाही. दोह्याच्या उत्तरेला पन्नासेक किलोमीटरवर, कतारच्या पूर्व किनाऱ्यावर हे गाव आहे. वायव्येचा शमाल वारा सुटला की तो इथे जमिनीवरून समुद्राकडे वाहतो, त्यामुळे काठाजवळचं पाणी उलट आणखी सपाट होतं. आखाताची सरासरी खोली जेमतेम ३५ मीटर, आणि हिंदी महासागराच्या लांब लाटांना आत यायला होर्मुझची चिंचोळी वाट. पाणी उठलंच तर आखूड आणि चुरगळलेलं. आणखी उत्तरेला फुवैरितला लोक पतंग बांधून फळ्या पळवतात, पण तो कारभार वाऱ्याचा, लाटेचा नव्हे.

तरीही लांब फिश सर्फबोर्ड वाचायला हे गाव चांगलं आहे, कारण ही फळी घडवली आहे ती दुबळ्या पाण्यासाठीच. शिवाय इथल्या बंदरात लाकडी ढाऊ उभ्या असतात. त्यांच्या शेजारी ठेवून पाहिली की या फळीचा निम्मा अर्थ आपोआप लागतो.

आधी मूळ फिश. १९६७ च्या सुमारास सॅन डिएगोच्या स्टीव्ह लिस या पोरगेल्या कारागिराने ती घडवली, तीसुद्धा उभं राहण्यासाठी नव्हे, गुडघ्यांवर बसून लाट घेण्यासाठी. आखूड, रुंद, तळाने जवळजवळ सपाट, मागे दुभंगलेली शेपटी आणि दोन शेपटांखाली दोन रुंद, बुटके कील, म्हणजे तळाखालची फिन. सरळ सांगायचं तर पापलेट. पुढे लोक तिच्यावर उभे राहू लागले. १९७२ साली सॅन डिएगोला झालेली जागतिक स्पर्धा जिमी ब्लिअर्सने फिशवरच जिंकली आणि दुसरा आलेला डेव्हिड नुउहिवाही फिशवरच होता. १९८१ मध्ये सायमन अँडरसनची तीन फिनांची फळी आली आणि पुढची काही वर्षं फिश अडगळीत पडली. तिला परत आणण्यात १९९६ च्या ‘लिटमस’ या चित्रपटाचा वाटा मोठा. त्यात डेरेक हिंड दक्षिण आफ्रिकेच्या जेफ्रीज बेमध्ये फिशवर ज्या वेगाने आडवा निघतो, तो पाहून कितीजणांनी आपल्या टोकदार फळ्या विकल्या असतील कोण जाणे.

आता या पापलेटाची सुरमई करायची आहे. म्हणजे साडेपाच फुटांची फळी साडेसात फुटांवर न्यायची. वाटतं सोपं: सगळं त्याच प्रमाणात वाढवा. पण मूळ फळी २१ इंच रुंद असेल, तर त्या प्रमाणात नवी साडेअठ्ठावीस इंचांच्या पुढे जाते. ती काखेत मावणार नाही आणि पायाच्या दाबाने तिची कड पाण्यात बुडणारही नाही. म्हणून कारागीर लांबी दोन फुटांनी वाढवतो आणि रुंदी फार तर इंच-दीड इंचाने. इथेच आकृती बदलते. दोन्ही कडांची गोलाई ताणली जाते आणि मधला मोठा भाग जवळपास सरळ होतो. शेपटीच्या दोन टोकांमधलं अंतर मात्र फारसं वाढवायचं नसतं. मधली खाचही तेवढीच खोल ठेवलेली बरी आणि कील त्याच मापाचे, शेपटाकडून मोजूनच बसवलेले. थोडक्यात मागचे दोन फूट मूळ फिशचेच राहतात, वाढतं ते पुढचं अंग. मला या फळीतलं सगळ्यात देखणं तेच वाटतं: सगळी नवी भर पुढे आणि सगळी जुनी अक्कल मागे.

दहावीच्या कृतिपत्रिकेत रसग्रहण लिहिताना आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये असे कप्पे करायला शिकवतात. फळीचे तसे कप्पे पडत नाहीत, कारण तिचा आकार हाच तिचा आशय. तो समजायला बंदराकडे वळू. ढाऊ पाणी बाजूला सारत जाते. अशा बोटीच्या वेगाला तिच्या पाण्यालगतच्या लांबीची मर्यादा असते. लांबी फुटांत घ्यायची, तिचं वर्गमूळ काढायचं आणि त्याला १.३४ ने गुणायचं, की वेग नॉटमध्ये मिळतो. ३६ फुटांना साधारण ८ नॉट. अल खोरचे लोक सांबूक आणि बतील जातीच्या ज्या ढाऊ घेऊन मोत्यांच्या शोधात जात, त्यांनाही हाच कायदा. सर्फबोर्डवर पोटावर पडून हातांनी वल्हवतो तेव्हा आपणही ढाऊच चालवत असतो. या हिशेबाने साडेपाच फुटांच्या फळीची मर्यादा तीन नॉटच्या किंचित वर, तर साडेसात फुटांची पावणेचारच्या आसपास. फरक किरकोळ दिसतो, पण दुबळी लाट पकडायची की ती पोटाखालून निघून जायची, हे त्यावरच ठरतं.

उभं राहिल्यावर मात्र कायदा बदलतो. फळी पाणी बाजूला सारणं सोडते आणि पाण्यावर चढून सरकू लागते. इथे लांबीपेक्षा रुंदी, सपाट तळ आणि मागचं क्षेत्रफळ कामाला येतं. हे पहिल्यांदा हिशेबाने मांडलं ते बॉब सिमन्सने. कॅलटेकमध्ये शिकलेला, अपघातात डावा हात अधू झालेला हा विक्षिप्त माणूस लिंडसे लॉर्डचं वेगवान बोटींच्या तळांवरचं १९४६ चं पुस्तक वाचून फळ्या घडवायचा: रुंद शेपूट, दोन बाजूंना दोन छोटी फिन. १९५४ साली विंडनसीच्या लाटांत तो बुडाला. त्याच्या फळ्या लांब होत्या, म्हणजे फिशचा पूर्वज लांबच होता. लिसने नंतर आखूड फळी केली आणि त्याच सॅन डिएगोच्या स्किप फ्रायने दोघांची घराणी जोडून नऊ फुटांच्या पुढेही जाणाऱ्या फळ्या केल्या. लांब फिश ही फिशची फुगवलेली नक्कल आहे, असं म्हणणाऱ्यांनी हा वंशवृक्ष पाहावा. लाट पकडेपर्यंत ढाऊ आणि पकडल्यावर फिश, अशी ही फळी आहे.

ती चालते कशी? लाटेच्या उतारावर आडवी धरून ठेवली की फारसं काही न करता वेग येतो. दोन कील पाण्याला दोन रुळांसारखे धरून ठेवतात आणि मधलं फिन नसल्याने तिथला अडसरही नाही. कंबरेएवढ्या, भरभर न फुटणाऱ्या लाटेत जिथे टोकदार फळीवरचा माणूस वेगासाठी सारखा कसरत करतो, तिथे हिच्यावरचा शांत उभा असतो. वळताना पाय मागे सरकवायचे. आतल्या बाजूचं शेपूट पाण्यात रुतलं की दुभंगाचा उपयोग कळतो: रुंद मागचा भाग अरुंद होऊन वागू लागतो. वळण मोठं, सावकाश, विलंबित लयीतलं. जागच्या जागी गर्रकन फिरवायला जाल तर कील नकार देतात. लाटेकडे पाठ असताना तर हा हट्ट फार जाणवतो.

आणि दोष आहेतच. लाट उभी आणि पोकळ झाली की ती सरळ, लांब कड तिच्या बाकाशी जुळत नाही, सपाट नाक पाण्यात घुसतं आणि माणूस पुढे फेकला जातो. आत जाताना फुटत्या लाटेखालून ही फळी दाबून नेता येत नाही, इतकी ती तरंगते. काही कारागीर यावर उपाय म्हणून पुढे जास्त बाक देतात, कील काढून चार फिन लावतात, खाच उथळ करतात. फळी जरूर गुणी होते, पण मग तिला फिश म्हणायचं कारण उरत नाही. मला नाकात थोडासा जास्त बाक चालतो, तळ आणि शेपूट यांना हात लावलेला मात्र चालत नाही.

अल खोरहून खऱ्या लाटेसाठी ओमान गाठावं लागतं: अल अशखरा किंवा मसिरा बेट. पावसाळी वाऱ्यांनी तिथे जून ते ऑगस्टमध्ये चांगल्या लाटा येतात. आपल्या कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर मात्र या फळीचा काळ उलटा, दिवाळीनंतरचा. गोव्यातल्या आश्वेसारख्या वाळूच्या किनाऱ्यावर तेव्हा लाटा लहान आणि मवाळ असतात. उभं राहणं जमू लागलेल्या, आकड्यांच्या आणि उड्यांच्या मागे न लागणाऱ्या कोणालाही मी तिथे सात-साडेसात फुटांची, बावीसेक इंच रुंद, दोन किलांची फिश सुचवीन. नवशिक्यांनी आधी मऊ फोमची फळीच घ्यावी. पावसाळ्यात मात्र कोणतीच फळी पाण्यात नेऊ नका. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते आणि तेव्हा कोकणातले कोळीही होड्या वर ओढून ठेवतात.