दहा राग, एकच ठेका

राग आणि डिस्को एका पंगतीला बसवायचे म्हणजे सोवळ्यातल्या आजीला संध्याकाळी सव्वासहाच्या विरार लोकलमध्ये चढवण्यासारखं! पण चरणजित सिंग यांनी १९८२ साली मुंबईत हा उद्योग करून दाखवला. हिंदी चित्रपटांच्या गाण्यांत साथ करणारे हे वादक. त्यांनी जपानच्या रोलँड कंपनीची तीन यंत्रं घेतली, एक सुरांना, एक खर्जाला, एक ठेक्याला, आणि ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही तबकडी काढली. भैरव, ललितपासून मालकंस, बैरागीपर्यंत दहा राग. ना गवई, ना तबलजी, ना तंबोरा. बिदागी काय ती वीजमंडळींना!

तबकडी फारशी चालली नाही. पुढे १९८७ साली शिकागोच्या काही पोरांनी त्यातलंच खर्जाचं यंत्र, टीबी-३०३, कान पिळपिळून वाजवलं आणि ‘ॲसिड हाउस’ नावाचं नृत्यसंगीत जगभर गाजलं. २०१० साली एका डच कंपनीने सिंगांची तबकडी पुन्हा काढली, तेव्हा युरोपने तोंडात बोट घातलं. हे तर शिकागोच्या पाच वर्षं आधीचं! अठ्ठावीस वर्षांची मुदत ठेव, आणि पावती वटली ती परदेशात. २०१५ साली सिंग गेले. त्याआधी म्हातारपणी युरोपात वाजवून आले, एवढं तरी व्याज त्यांच्या हाती पडलं.

तेव्हापासून कौतुक चाललंय ते ‘आधी कोण’ याचंच. आता तारखा तपासणं हा आम्हा बँकवाल्यांचा पोटाचा धंदा. पण तारीख बघून कुणी मान डोलावत नाही हो! मुळात हे साम्य आलं कुठून?

ते यंत्र बनवलं होतं बास-गिटारवाल्याची जागा भरून काढायला. ते काम त्याला नीट जमेना, म्हणून कंपनीने १९८४ साली ते बंदच केलं. पण एका सुरावरून दुसऱ्यावर घसरायची सोय त्यात होती. आपल्याकडे त्याला मींड म्हणतात. शिवाय राग सतत षड्ज धरून बसतो, घडीघडी घर बदलत नाही. शिकागोवाल्यांनी नाचणाऱ्यांना गुंगवायला एकच धागा ताणला. सिंगांना तो रागानेच बांधून दिला होता. यात भविष्यवाणी नाही, शिस्त आहे.

खोट आहे ती ठेक्यात. डिस्कोत प्रत्येक ठोका म्हणजे समच. रोज पगार व्हायला लागला तर एक तारखेला काय अर्थ उरला? समेवर येण्याची हुरहुर इथे नाही. पहाटेचा भैरव आणि मध्यरात्रीचा मालकंस एकाच गणवेशात कवायत करतात.

तरीही ऐका. सूर धावतात, पण रागाचं कुंपण ओलांडत नाहीत. हे यंत्राचं नव्हे, वाजवणाऱ्याचं श्रेय. फक्त ‘जगातली पहिली’ म्हणून ऐकू नका. उद्या कुणाच्या माळ्यावर १९८१ सालची तबकडी सापडली की ते पहिलेपण गेलं. मालकंस कुठे जात नाही.