काळे-पांढरे छायाचित्र आणि आपली नजर

कृष्णधवल छायाचित्रांविषयी मराठीत जे थोडेफार लिहिले जाते, त्यात एक सूर नेहमी ऐकू येतो. रंग गेले की चित्राचा आत्मा दिसतो, जुन्या काळाचा गंध येतो, छायाप्रकाशाचे काव्य अनुभवता येते, असा तो सूर आहे. आज प्रत्येकाच्या खिशात रंग टिपणारा मोबाईल असताना माणसे आपल्याच फोटोतले रंग बोटाच्या एका स्पर्शाने काढून टाकतात, ही गोष्ट खरी आहे. म्हणजे हे आकर्षण टिकून आहे. परंतु ते का टिकून आहे याचे उत्तर ‘आत्मा’ आणि ‘काव्य’ या शब्दांनी देणे म्हणजे प्रश्न टाळणे होय. साहित्याच्या बाबतीत आपण हा अनुभव घेतलेला आहे. शुद्ध सौंदर्याची भाषा बोलणाऱ्या समीक्षेने दलित साहित्याला विचारले, यात कला कोठे आहे? आपण उलट विचारले, तुमच्या कलेत माणूस कोठे आहे? तोच प्रश्न छायाचित्राला विचारावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम एक साधी गोष्ट. कृष्णधवल ही सुरुवातीला कोणाची आवड नव्हती. १८३९ साली छायाचित्रणाची कला जगासमोर आली आणि सर्वसामान्यांना वापरता येईल अशी कोडॅक्रोमसारखी रंगीत फिल्म आली ती १९३५ साली. त्यानंतरही कित्येक वर्षे रंग महागच होता. आमच्या वस्तीतील जुन्या माणसांचे जे फोटो आहेत ते कलेच्या हौसेने काढलेले नाहीत. कोणाच्या नोकरीच्या ओळखपत्रासाठी, कोणाच्या शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी ते काढावे लागले. माझे आजोबा रेल्वेत गँगमन होते. त्यांचा एकच फोटो घरात आहे आणि त्याच्या कोपऱ्यावर कार्यालयाच्या शिक्क्याचा अर्धा गोल उमटलेला आहे. आईवडिलांच्या लग्नाचे फोटो मात्र रंगीत आहेत आणि आज ते तांबूस होऊन विटले आहेत. आजोबांचा चेहरा अजून स्पष्ट आहे. यात गूढ काही नाही. कृष्णधवल छापात चांदीचे कण असतात. छाप नीट धुतलेला असेल तर ते दीर्घकाळ टिकतात. त्या काळच्या रंगीत छापातील रंगद्रव्ये मात्र उडून जातात. ज्यांच्या घरात वंशावळी नाहीत, दस्तऐवज नाहीत, त्यांच्यासाठी हा टिकाऊपणा रसायनशास्त्रापुरता राहत नाही. तो पुरावा होतो.

पुरावा म्हटला की मला गॉर्डन पार्क्स आठवतात. जनार्दन वाघमारे यांच्यासारख्या अभ्यासकांमुळे अमेरिकेतील काळ्यांचे साहित्य मराठीत परिचित झाले. १९७२ साली मुंबईत जन्मलेल्या दलित पँथरने तर नावच तिकडून घेतले. पण त्यांच्या छायाचित्रकारांकडे आपण फारसे वळलो नाही. पार्क्स १९१२ साली कॅन्सास राज्यातील फोर्ट स्कॉट येथे जन्मले. पंधरा भावंडांत ते सर्वांत धाकटे. औपचारिक शिक्षण अर्धवट राहिले, मिळतील ती कामे केली आणि गहाणवटीच्या दुकानातून एक जुना कॅमेरा विकत घेतला. १९४२ साली ते वॉशिंग्टनला फार्म सिक्युरिटी ॲडमिनिस्ट्रेशन या सरकारी खात्यात दाखल झाले. खात्याच्या छायाचित्र विभागाचे प्रमुख रॉय स्ट्रायकर यांनी त्यांना कॅमेरा ठेवून आधी शहर पाहून यायला सांगितले. देशाच्या राजधानीत उपाहारगृहाने, दुकानाने, चित्रपटगृहाने त्यांना कातडीच्या रंगावरून नाकारले.

संतापलेल्या पार्क्सना स्ट्रायकर यांनी त्याच इमारतीत झाडलोट करणाऱ्या एका बाईशी बोलायला सांगितले. तिचे नाव एला वॉटसन. वर्षाला १०८० डॉलर पगारावर ती सरकारी कचेऱ्या झाडत, पुसत असे आणि नातवंडे सांभाळत असे. तिच्या बापाला गोऱ्यांच्या झुंडीने ठार मारले होते, असे पार्क्स यांनी नोंदवले आहे. पार्क्स यांनी तिला अमेरिकेच्या राष्ट्रध्वजासमोर उभे केले. एका बाजूला झाडू, दुसऱ्या बाजूला फरशी पुसायचा मॉप. ग्रँट वुड यांच्या १९३० मधील ‘अमेरिकन गॉथिक’ या प्रसिद्ध चित्राची ती सरळ उलटतपासणी होती. हे छायाचित्र आपल्या सर्वांच्या नोकऱ्या घालवील, अशी स्ट्रायकर यांची प्रतिक्रिया होती.

या छायाचित्रात रंग नाहीत याचा अर्थ काय? तो ध्वज रंगीत असता तर त्याचा लाल आणि निळा रंग प्रथम डोळ्यांत भरला असता आणि त्याच्यासमोरची बाई मागे गेली असती. राष्ट्राचे रंग नेहमीच मोठ्याने बोलतात. येथे ध्वज करडा झाला आहे, झाडूही करडाच आहे. दोन्ही एकाच पातळीवर आले आहेत. नजर फिरून फिरून येते ती बाईच्या चेहऱ्यावर आणि तिच्या ठिपक्यांच्या झग्यावर. कृष्णधवलाची खरी ताकद मला येथे दिसते. ते वस्तूंची प्रतिष्ठा काढून घेते आणि सर्वांना प्रकाशाच्या एकाच मापाने मोजते.

परंतु हे माप तरी निष्पक्ष आहे काय? प्रकाशमापक यंत्र समोरच्या दृश्याला मध्यम करडा धरून चालते. एकाच चौकटीत गोरा आणि सावळा चेहरा असेल आणि छायाचित्रकाराने गोऱ्या चेहऱ्याचा हिशेब केला, तर सावळ्या चेहऱ्यावरील रेषा अंधारात बुडतात. रंगीत फिल्मच्या काळात तर छपाईचे रंग जुळवण्यासाठी प्रयोगशाळांत जे नमुनाचित्र वापरले जाई, त्यात वर्षानुवर्षे गोरी स्त्रीच असे. ‘शर्ली कार्ड’ या नावाने ते ओळखले जाते. आपल्याकडच्या स्टुडिओंतही निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून चेहरा उजळ करून देण्याची पद्धत होतीच. म्हणजे चेहरा कोणाचा दिसावा आणि कसा दिसावा, हे अंधारखोलीतही ठरवले जात होते. पार्क्स यांच्या छायाचित्रात एला वॉटसनची काळी त्वचा काळीच आहे, आणि तरीही तिच्यातील एकही रेषा हरवलेली नाही. हे कौशल्य आहेच. पण ज्याला तो चेहरा पाहावासा वाटतो, त्याच्याच हाताला असे कौशल्य येते.

याच खात्याच्या दुसऱ्या एका छायाचित्राशी तुलना करावी. १९३६ साली डोरोथिया लँग यांनी काढलेले ‘मायग्रंट मदर’ हे जगातील सर्वांत गाजलेल्या कृष्णधवल छायाचित्रांपैकी एक आहे. त्यातील आई कोण, हे जगाला कळले १९७८ साली. फ्लोरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे तिचे नाव. ती चेरोकी वंशाची होती. चाळीस वर्षे तिचा चेहरा दारिद्र्याचे प्रतीक म्हणून फिरला आणि तिला नाव नव्हते. लँग यांच्या करुणेविषयी मला शंका नाही. परंतु करुणेला नावाची गरज भासली नाही, ही गोष्ट आपण लक्षात ठेवली पाहिजे. पार्क्स त्या एका छायाचित्रावर थांबले नाहीत. ते एला वॉटसनच्या घरी गेले, तिच्या प्रार्थनास्थळी गेले, तिच्या नातवंडांत बसले. त्या मालिकेत तिचे नाव आहे, तिचे घर आहे.

आणि याच पार्क्स यांनी पुढे रंग हाती घेतला. २४ सप्टेंबर १९५६ च्या ‘लाइफ’ साप्ताहिकात अलाबामातील एका काळ्या कुटुंबावर त्यांची रंगीत छायाचित्रे प्रसिद्ध झाली. झगझगीत उन्हात, सुंदर पोशाखातील एक काळी स्त्री आणि लहान मुलगी दुकानाबाहेर उभ्या आहेत, आणि वर ‘कलर्ड एन्ट्रन्स’ अशी निऑनची पाटी आहे, हे त्याच कामातील एक छायाचित्र. येथे काळे-पांढरे वापरले असते तर वाचक म्हणाला असता, हे जुने झाले. रंगाने त्याला ही पळवाट ठेवली नाही. ज्या साप्ताहिकात तो रंगीत जाहिराती पाहत होता, त्याच काळात आणि त्याच उन्हात ती पाटी लटकत होती. अंक निघाला आणि वीस दिवसांनी नागपूरला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली. दोन देशांतील माणसे एकाच ऋतूत ‘मागच्या दारातून येणार नाही’ असे सांगत होती.

तेव्हा कृष्णधवल श्रेष्ठ की रंग, हा वादच चुकीचा मांडला जातो. रघुवीर सिंह या थोर छायाचित्रकाराने रंग हाच भारतीय जीवनाचा स्वभाव आहे, कृष्णधवल ही पश्चिमेची दृष्टी आहे, असे मत मांडले. त्यांचे काम मोठे आहे. पण ‘भारतीय’ या शब्दात कोण कोण येते, हे विचारावे लागते. ‘जातिनिर्मूलन’ या १९३६ च्या ग्रंथात बाबासाहेबांनी इंदूर भागातील बलाई जातीवर सवर्णांनी लादलेल्या नियमांची नोंद केली आहे. बलाईंनी जरीकाठी पागोटे घालू नये, रंगीत वा नक्षीच्या काठाचे धोतर नेसू नये, त्यांच्या बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालू नयेत. म्हणजे ज्या देशाचा स्वभाव रंग आहे असे म्हणतात, त्या देशात रंगाचीही जात होती. धोतराचा काठ रंगीत असावा की नाही, हे दुसरा ठरवत होता.

मराठी छायाचित्रकारांत सुधारक ओलवे यांचे मुंबई महानगरपालिकेच्या सफाई कामगारांवरील काम या संदर्भात महत्त्वाचे आहे. २०१६ साली पद्मश्री मिळालेल्या ओलवे यांनी हे काम कृष्णधवलात केले. कचऱ्याचे ढीग रंगीत असते तर प्लास्टिकच्या पिशव्यांची रंगीबेरंगी गर्दी आधी दिसली असती, किंवा पाहणाऱ्याने किळसेने मान वळवली असती. काळ्या-पांढऱ्यात घाण आणि माणसाचे शरीर एकाच करड्या द्रव्याचे होते. पाहणाऱ्याला ती दोन वेगळी करता येत नाहीत, आणि व्यवस्थेने नेमके हेच केले आहे. ओलवेही कामगारांच्या घरापर्यंत गेले, त्यांच्या बायकामुलांपर्यंत गेले.

तरीही एक धोका मी नोंदवतो. कलादालनाच्या पांढऱ्या भिंतीवर, काळ्या चौकटीत, गटारातून वर आलेला माणूस शिल्पासारखा सुंदर दिसू शकतो. त्याहून वाईट म्हणजे तो जुन्या काळातला वाटू शकतो. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेविरुद्ध १९९३ साली कायदा झाला, २०१३ साली दुसरा झाला. गटारात मरणाऱ्याच्या कुटुंबाला दहा लाख द्या, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितले. २०२३ साली ती रक्कम तीस लाख केली. मरण थांबले असते तर रक्कम वाढवण्याची वेळ आली नसती. म्हणून अशा छायाचित्राखाली तारीख ठळक हवी. कृष्णधवलाला गतकाळाचा मुलामा फार लवकर चढतो, आणि दुसऱ्याच्या वर्तमानाला गतकाळ समजणे ही अभिजनांची जुनी सोय आहे.

याच्या उलट एक उदाहरण आपल्या समाजाने स्वतः निर्माण केले आहे. बाबासाहेबांची आपण जाणतो ती बहुतेक छायाचित्रे कृष्णधवल आहेत. त्यांत कोट करडा किंवा काळा दिसतो. त्याचा खरा रंग कोणता, हे छायाचित्र सांगत नाही. कॅलेंडरच्या चित्रकारांनी, गावोगावच्या मूर्तिकारांनी, वर्गणी काढणाऱ्या वस्त्यांनी तो निळा केला. चळवळीच्या ध्वजाचा निळा रंग त्या कोटावर आला आणि कायमचा राहिला. कलासमीक्षक या कॅलेंडरांकडे भडक म्हणून पाहतात. मला ती एका समाजाने केलेली समीक्षा वाटते. छायाचित्राने चेहरा, चष्मा, नजर हा पुरावा दिला. रंगाची जागा मोकळी ठेवली. ज्यांना रंगीत काठाची मनाई होती, त्यांनी आपल्या नेत्याच्या कोटाला कोणता रंग द्यायचा हे स्वतः ठरवले.

कृष्णधवलाचे आकर्षण टिकले आहे त्याची कारणे मला अशी दिसतात. ते टिकते म्हणून साक्ष देते. वस्तूंचा तोरा उतरवून माणसाकडे नेते. आणि पाहणाऱ्यासाठी काही जागा शिल्लक ठेवते. हे गुण त्याच्या अंगचे आहेत, पण ते आपोआप न्यायाच्या बाजूला उभे राहत नाहीत. म्हणून छायाचित्राच्या समीक्षेत छायाप्रकाशाची चर्चा जरूर व्हावी, परंतु तिच्या आधी तीन प्रश्न विचारले जावेत. समोरच्या माणसाचे नाव आहे काय? छायाचित्रकार त्याच्या घरी गेला होता काय? आणि हे छायाचित्र त्या माणसाला आपल्या घराच्या भिंतीवर लावावेसे वाटेल काय?