तारेतील चांदी

विद्युच्छास्त्र सामान्य वाचकांस समजावून देण्यासाठी आपल्याकडे जे लेख लिहिले जातात, त्यांत एक विधान आम्हांस पुनःपुन्हा भेटते. पूर्वी तारायंत्राच्या व घरोघरच्या विजेच्या तारा चांदीच्या असत. पुढे चांदी महागली म्हणून तांबे आले. विधान सुबक आहे, आणि गतकाळाच्या संपन्नतेविषयी आपल्या मनात जो हळवेपणा असतो त्यास ते रुचतेही. परंतु आधार विचारावा तर एकच उत्तर मिळते, की चांदी ही सर्व धातूंत उत्तम वाहक होय. हे प्रमाण चांदीच्या गुणाचे झाले. ती तारेत होती याचे नव्हे. उत्तम आहे म्हणून वापरली असलीच पाहिजे, हा तर्क शास्त्रज्ञाचा नसून पुराणिकाचा आहे.

बरे, तो गुण तरी केवढा? चांदीची वाहकता तांब्याहून शेकडा सहाच्या आसपास अधिक. पण चांदी तांब्याहून जडही आहे. एकाच लांबीची व एकाच रोधाची तार करावयाची तर जेथे 100 शेर तांबे पुरते, तेथे चांदी सुमारे 110 शेर लागेल. दोन्ही धातू एकाच भावाने मिळाले असते, तरी चांदी घेणारा तोट्यातच राहिला असता!

प्रत्यक्ष इतिहास तर उलट दिशेचा आहे. रोनाल्ड्स यांनी 1816 साली लंडनजवळ हॅमरस्मिथ येथील आपल्या बागेत आठ मैल तार ताणली ती लोखंडाची. ओशॉनेसी यांनी 1839 साली कलकत्त्यास प्रयोग केला तोही लोखंडी तारेवर. पुढे 1855 पर्यंत कलकत्ता, आग्रा, मुंबई व मद्रास जोडली गेली, तीही लोखंडानेच. लोखंडाची वाहकता तांब्याच्या जेमतेम षष्ठांश. परंतु खांबाखांबांमध्ये ताण सोसणे हे तारेचे पहिले काम होते, आणि संदेशास लागणारा प्रवाह अल्प होता. 1858 साली अटलांटिक समुद्राच्या तळाशी तार टाकली गेली, तेथे मात्र वाहकतेचा कण न् कण मोलाचा होता. निरनिराळ्या तांब्यांच्या वाहकतेत मोठा फरक पडतो हे थॉमसन यांनी आधीच दाखविले होते. त्यावर काढलेला उपाय कोणता? अधिक शुद्ध तांबे. चांदीकडे कोणी वळले नाही.

मग जुन्या वाड्यांतून निघणारी ती पांढरी, चकचकीत तार कसली? ज्यांच्या घरी तांब्यापितळेची भांडी होती त्यांनी तरी हा प्रश्न विचारू नये. ती कल्हई होय! तारेवरील रबरात गंधक असे. त्याने तांबे खराब होऊ नये म्हणून तारेस कथिलाचा मुलामा देत. आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांनी अशाच एका लेखावर विसंबून वडिलोपार्जित घरातील तारा जाळल्या, आणि सोबत एक जुने तारायंत्रही चांदीसाठी फोडले. राख व तांबे हाती आले. यंत्र गेले ते गेलेच. लेखणीच्या एका बेफिकीर वाक्याची किंमत कोणी तरी अशी मोजत असतो.

तथापि चांदी कधीच वापरली नाही असे ठणकावून सांगणारेही तितकेच चुकतात. विद्युन्मंडल जोडणाऱ्या व तोडणाऱ्या टोकांवर तिचा ठिपका असे. ब्रिटिश असोसिएशनने रोधाचे प्रमाण ठरविले, तेव्हा कित्येक नमुन्यांच्या तारा चांदी व प्लॅटिनम यांच्या मिश्रणाच्या होत्या. गंमत ही, की तेथे ते मिश्रण निवडले ते त्याच्या मोठ्या व उष्णतेने फारसा न बदलणाऱ्या रोधासाठी.

आणि चांदीची खरी भव्य कथा आमच्या या लेखकांनी सांगितलीच नाही. 1942 साली अमेरिकेस युद्धसामग्रीपायी तांब्याची चणचण भासली. टेनेसी प्रांतातील ओक रिज येथे युरेनियमचे घटक वेगळे करण्यासाठी प्रचंड विद्युच्चुंबक हवे होते, आणि सरकारी खजिन्यात चांदी निजून होती. सेनाधिकारी निकोल्स ती मागावयास गेले, तेव्हा खजिन्याच्या अधिकाऱ्याने ऐकविले, की येथे चांदी टनांत नव्हे, औंसांत मोजतात. अखेर सुमारे 14,700 टन चांदी उसनी मिळाली आणि तिची वेटोळी चुंबकांभोवती बसविण्यात आली. तिचा शेवटचा भाग 1970 साली खजिन्यात परत गेला.